आपल्या गावाचा किरणोत्सर्ग मोजायचा तर

गायगर मीटर चालू केला, पडद्यावर ताशी ०.११ मायक्रोसिव्हर्ट उमटलं. आता हे जास्त की कमी? नवख्या माणसाला हा प्रश्न लगेच पडतो, आणि त्याचं खरं उत्तर असं आहे की नुसत्या त्या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही. त्यातला काही भाग आकाशातून आलेला असतो, काही जमिनीतून, काही खुद्द मीटरच्या नळीचा. हे तीन भाग वेगळे करता आले आणि वर्षभराच्या नोंदी वहीत जमा झाल्या, तरच तुमच्या हाती गावाचा खरा पायाभूत आकडा येतो. आपल्या कोकणात उत्तरेला तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. दक्षिणेला जैतापूरला सहा अणुभट्ट्या उभारायचा प्रस्ताव आहे. प्रकल्पाच्या बाजूने असा की विरोधात, आजचा आकडा लिहून ठेवला नसेल तर उद्याच्या आकड्याची तुलना करायला काही उरत नाही. मागे जाऊन मोजता येत नाही.

पार्श्वभूमीत काय काय असतं

पार्श्वभूमी म्हणजे कुठेही, नेहमीच असणारा किरणोत्सर्ग. जगभराची सरासरी धरली तर माणसाला निसर्गातून वर्षाला सुमारे २.४ मिलीसिव्हर्ट मात्रा मिळते. सिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक; १००० मायक्रोसिव्हर्ट म्हणजे १ मिलीसिव्हर्ट. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक वाटा एकट्या रेडॉन वायूचा. बाकीचा अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांचा, जमीन आणि भिंतींतून येणाऱ्या गॅमा किरणांचा आणि अन्नपाण्यातून शरीरात गेलेल्या द्रव्यांचा. आपल्या शरीरातल्या पोटॅशियममुळेच दर सेकंदाला सुमारे चार हजार अणू फुटत असतात. हे कायमचं आहे आणि त्याची भीती बाळगायचं कारण नाही.

जमिनीचा वाटा खडकावर ठरतो. रायगड आणि रत्नागिरीत खाली काळा पाषाण, वर जांभा. काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम तिन्ही कमी असतात. त्याचा जांभा होताना पावसाने पोटॅशियम धुऊन जातं, थोरियम मात्र लोह-ॲल्युमिनियमबरोबर मागे राहतं. म्हणून सड्यावरचा, म्हणजे जांभ्याच्या पठारावरचा, आकडा खालच्या काळ्या दगडापेक्षा किंचित वर दिसू शकतो, पण तोही जगाच्या मानाने कमीच. मालवण-वेंगुर्ल्याकडे गेलं की खडक बदलतो. तिथे दख्खनच्या लाव्ह्यापेक्षा कितीतरी जुने नाईस, ग्रॅनाइट आणि वालुकाश्म उघडे पडलेले आहेत. ग्रॅनाइटात पोटॅशियम आणि थोरियम बेसॉल्टच्या अनेक पट असतं, त्यामुळे सिंधुदुर्गात दोन वाड्यांच्या आकड्यांत फरक पडला तर गोंधळू नका. आधी पायाखालचा खडक बघा.

काळ्या वाळूविषयी एक गैरसमज किनाऱ्यावर फार पसरलेला आहे. केरळात कोल्लमजवळ चवरा, नींदकरा, करुनागप्पळ्ळी या पट्ट्यात वाळूत मोनाझाइट हे थोरियमचं खनिज भरपूर आहे, आणि तिथला किरणोत्सर्ग खरोखरच जास्त आहे. तिथली वाळू काळी, आपल्याही पुळणीवर पावसाळ्यानंतर भरतीरेषेला काळे पट्टे पडतात, तेव्हा दोन्ही एकच, असं लोक धरून चालतात. पण केरळच्या वाळूला काळा रंग इल्मेनाइट या लोह-टायटॅनियमच्या खनिजामुळे आलेला असतो. किरणोत्सर्ग असतो तो तिच्यात मिसळलेल्या पिवळसर, मधाच्या रंगाच्या मोनाझाइटच्या कणांचा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू बेसॉल्ट झिजून आलेलं इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट आहे. लोहचुंबक फिरवला की बराचसा भाग दाढीसारखा चिकटतो. मोनाझाइट तिच्यात नावापुरतं. अर्थात मोजून बघायला हरकत नाही, उलट मोजाच. पट्ट्यावर एक तास आणि शेजारच्या पांढऱ्या वाळूवर एक तास.

मीटर कोणता घ्यावा

घरगुती मीटरांत बहुधा एसबीएम-२०, जे-३०५ किंवा एम-४०११ अशी एखादी नळी असते. एसबीएम-२० ही साधारण ११ सेंटिमीटर लांब, करंगळीएवढी जाड, पातळ पोलादी भिंतीची नळी. सुमारे ४०० व्होल्टवर चालते. तिच्यातून कण गेला की एक ठोका पडतो. मीटरवर दिसणारं सीपीएम म्हणजे मिनिटाला पडलेले ठोके, आणि तेच खरं मोजमाप. मायक्रोसिव्हर्टचा आकडा मीटरने त्याला ठरावीक गुणक लावून काढलेला असतो. एसबीएम-२० साठी बहुतेक मीटरांत हा गुणक ०.००५७ असतो, जे-३०५ साठी त्याहून वेगळा. म्हणून विकत घेताना दोन गोष्टी विचारा: नळी कोणती, आणि एकूण ठोके व एकूण वेळ वेगवेगळे दिसतात का. दुसरं नसेल तर तो मीटर या कामासाठी घेऊ नका. पैसे जास्त असतील तर चपट्या गोल खिडकीची, पॅनकेक म्हणतात ती नळी असलेला मीटर घ्या. फुकुशिमानंतर नागरिकांनी उभारलेल्या सेफकास्टच्या मीटरांत अशीच नळी आहे. तिच्यात ठोके जास्त पडतात म्हणून वेळ कमी लागतो. मात्र तिच्या अभ्रकाच्या खिडकीला बोट लावलं की ती फुटते.

या मीटरने काय कळत नाही, हेही आधी समजून घ्या. हवेतला रेडॉन कळत नाही. पाणी पिण्याजोगं आहे का हे कळत नाही. बाजारातल्या मासळीवर नळी धरूनही काही कळत नाही. तिसऱ्या-कालवांसारख्या शिंपल्यांत निसर्गतः पोलोनियम-२१० साठतं, पण ते सोडतं ते अल्फा कण नळीची पोलादी भिंतच काय, कागदसुद्धा ओलांडत नाहीत. मासळीचं मोजमाप प्रयोगशाळेतच होतं. व्हॉट्सॲपवर कुणी सुरमईवर मीटर धरलेला व्हिडिओ पाठवला, तर त्यातून मासळीबद्दल एक अक्षरही सिद्ध होत नाही.

किती वेळ मोजायचं

नवख्यांच्या दहातल्या नऊ चुका इथे होतात. अणू ठरलेल्या तालात फुटत नाहीत. एका मिनिटात १४ ठोके पडतील, पुढच्या मिनिटात २५, आणि दोन्ही वेळा किरणोत्सर्ग तोच असेल. नियम सोपा आहे: एकूण जितके ठोके मोजले, त्याच्या वर्गमुळाइतकी अनिश्चितता. मिनिटभरात २० ठोके मोजले तर साडेचार इकडे-तिकडे, म्हणजे जवळजवळ पाव आकडा बिनभरवशाचा. दहा मिनिटांत २०० मोजले तर १४ इकडे-तिकडे, म्हणजे ७ टक्के. १००० ठोके झाले की ३ टक्के.

दोन जागांची तुलना करताना दोन्हींच्या ठोक्यांची बेरीज करून तिचं वर्गमूळ काढा. समजा दहा-दहा मिनिटं मोजून अंगणात २०० आणि विहिरीपाशी २३० आले. फरक ३० चा, पण ४३० चं वर्गमूळ जवळजवळ २१. फरक त्याच्या दुप्पटही नाही, म्हणून यावरून काही म्हणता येत नाही. हेच ५०-५० मिनिटं मोजून १००० आणि ११५० आले तर फरक १५० चा आणि २१५० चं वर्गमूळ ४६. तिपटीहून जास्त, तेव्हा फरक खरा समजायला हरकत नाही. जागा त्याच, आकड्यांचं प्रमाण तेच, फक्त धीर पाचपट. तासाभराखालची नोंद या वहीत घेऊच नये.

शून्य होडीत सापडतं

नळीच्या धातूत आणि मीटरच्या सुट्या भागांत थोडी किरणोत्सारी द्रव्यं असतातच, त्यामुळे सगळं जग बाजूला ठेवलं तरी ती ठोके देत राहते. हे तिचं स्वतःचं ओझं कसं मोजायचं? शहरातल्या प्रयोगशाळा शिशाच्या जाड पेटीत मोजतात. किनाऱ्यावरच्या माणसाला त्याहून सोपी सोय आहे, ती म्हणजे समुद्र.

खालून येणारे गॅमा किरण दर १० ते १७ सेंटिमीटर पाण्यात निम्मे होतात. दोन वाव पाणी, म्हणजे साधारण साडेतीन मीटर, मध्ये असलं तर तळातून वर येणारं लाखात एक भागही उरत नाही. समुद्राच्या पाण्यात स्वतःचं पोटॅशियम असतं, पण ते लिटरला सुमारे १२ बेकरेल इतकंच (१ बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं). म्हणजे होडीत मीटरला जे ऐकू येतं ते जवळजवळ फक्त आकाश आणि मीटर स्वतः.

त्यासाठी किनाऱ्यापासून निदान एक किलोमीटर बाहेर जा, कारण हवेतून हे किरण शे-दोनशे मीटर सहज येतात आणि कड्याजवळ किंवा खाडीच्या चिंचोळ्या तोंडात दोन्ही बाजूंची जमीन बोलते. नांगर टाका. इंजिन बंद करा, कारण त्याच्या विजेच्या ठिणग्यांचे खोटे ठोके काही मीटर उचलतात. मीटर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून होडीच्या मधोमध ठेवा आणि पूर्ण तास मोजा. अंगावर पाणी उडणार नाही असा दिवस हवा, आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा हे काम ऑक्टोबर ते मे या काळात, सकाळच्या शांत पाण्यात, अनुभवी नाखवाबरोबर करा. लाइफ जॅकेट घालूनच.

होडीतला आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. जमिनीवरच्या प्रत्येक आकड्यातून तो वजा करायचा. उरतं ते जमिनीचं आणि भिंतींचं. वर्षातून एकदा तरी हा आकडा पुन्हा तपासा.

पोटॅशची पुडी

मीटर ठीक चालतोय हे रोज कसं कळणार? कृषी सेवा केंद्रात माडाला घालायचं म्युरेट ऑफ पोटॅश मिळतं. त्यात किलोला सुमारे १५ हजार बेकरेल पोटॅशियम-४० असतं, आणि त्याचं अर्धआयुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, १२५ कोटी वर्षांचं, म्हणजे तुमच्या-आमच्या हयातीत त्यात काडीचाही फरक पडणार नाही. २०० ग्रॅम खत पातळ झिप पिशवीत पसरून भरा, हवा काढा, दुसऱ्या पिशवीत घाला, कारण हे खत आपल्या हवेत भराभर पाणी ओढतं आणि गोळा होतं. मीटर दरवेळी त्याच जागी, त्याच बाजूने पुडीवर टेकवा आणि वीस मिनिटं मोजा. आकडा साध्या पार्श्वभूमीपेक्षा ठळकपणे वर जायला हवा, आणि दरवेळी साधारण तितकाच. एक दिवस तो खाली आला तर बॅटरी किंवा नळी गेली, असं समजा.

पेट्रोमॅक्सच्या जुन्या जाळीत थोरियम असतं, म्हणून तीही अनेक जण तपासणीला वापरतात. न पेटवलेली, न फोडलेल्या वेष्टणातली असेल तर ठीक. जळलेल्या जाळीची राख हाताळू नका. ती श्वासात गेली तर थोरियम फुफ्फुसात बसतं.

गावात कुठे, कसं

१. पाच जागा ठरवा आणि त्या बदलू नका: सडा किंवा उघडं माळरान, एका घराचं अंगण, त्याच घराची झोपायची खोली, पुळणीची भरतीरेषा, आणि चिरेखाण किंवा खाजण यांपैकी एक. शाळेचं मैदान असेल तर सहावी जागा म्हणून घ्या.

२. उघड्यावर मीटर जमिनीपासून १ मीटर उंचीवर ठेवा. बांबू रोवून वर पिशवी बांधली तरी चालतं. भिंत, गडगा, मोठं वाहन निदान पाच मीटर दूर हवं.

३. घरात खोलीच्या मधोमध, १ मीटरवर. मग वेगळी नोंद म्हणून भिंतीला टेकून. जांभ्याची भिंत, विटांची भिंत, आणि ग्रॅनाइटचा ओटा असेल तर त्यावरची अशा तिन्ही नोंदी घ्या. सगळ्यात मोठा आकडा बहुधा ओट्यावर येईल. त्याने स्वयंपाकघर धोक्याचं ठरत नाही. ग्रॅनाइट तसाच असतो.

४. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा, पायाखाली काय आहे, गेल्या सहा तासांत पाऊस पडला का, वारा कुठून, भरती की ओहोटी, एकूण ठोके आणि एकूण मिनिटं लिहा. मायक्रोसिव्हर्ट लिहिलं नाही तरी चालेल. ठोके आणि मिनिटं मात्र लिहायलाच हवीत, कारण गुणक पुढे बदलता येतो, हरवलेले ठोके परत येत नाहीत.

५. दर महिन्याला एक फेरी, शक्यतो दुपारी दोन ते चारच्या दरम्यान.

दुपारचा आग्रह का, तर जमिनीतून निघणारा रेडॉन रात्री थंड, स्थिर हवेत जमिनीलगत साठतो, आणि रात्रीचे मतलई वारे जमिनीवरची हीच हवा किनाऱ्याकडे आणतात. पहाटे आकडा सर्वांत वर असतो. दुपारी खारे वारे सुटले की समुद्रावरची जवळजवळ रेडॉनमुक्त हवा येते आणि आकडा खाली बसतो. एका महिन्यात पहाटे आणि दुसऱ्या महिन्यात दुपारी मोजलं, तर तुम्ही किरणोत्सर्गातला नव्हे, वाऱ्यातला फरक मोजलेला असतो.

पावसाचं आणखी वेगळं. सरीबरोबर हवेतल्या रेडॉनपासून तयार झालेलं शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ जमिनीवर उतरतं. त्यांचं अर्धआयुष्य अनुक्रमे सुमारे २७ आणि २० मिनिटं. म्हणून जोरदार सरीनंतर आकडा चढतो आणि दोन-तीन तासांत आपोआप पूर्वपदावर येतो. पहिल्या पावसात मीटर चढलेला बघून घाबरलेल्या लोकांचे निरोप फिरतात, ते यामुळेच. उलट आषाढ-श्रावणात माती पाण्याने गच्च झाली की ते पाणी खालचे किरण अडवतं आणि सरी थांबल्यावर आकडा उन्हाळ्यापेक्षा थोडा कमी भरतो. दोन्ही खऱ्या गोष्टी आहेत, दोन्ही वहीत दिसायला हव्यात. म्हणून पावसाळ्यात नोंद बंद ठेवू नका, फक्त सर थांबून तीन तास झाल्यावर मोजा.

कोकणात मीटर का बिघडतो

उष्णतेपेक्षा खारी, दमट हवा जास्त त्रास देते. मीटरमधल्या ४०० व्होल्टचा दाब असलेल्या सर्किटच्या पट्टीवर ओलाव्याचा आणि मिठाचा पातळ थर बसला की वीज त्यातून झिरपते. एकतर खोटे ठोके पडतात किंवा दाब कमी होऊन खरे ठोके गळतात. आकडा एकाएकी दुप्पट झाला आणि जागा बदलली तरी तसाच राहिला, तर पहिला संशय ओलाव्यावर घ्या. मीटर सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवा, जेल रंग बदलला की तापवून वाळवा. थंड खोलीतून एकदम बाहेर आणला तर आत दव धरतं, म्हणून अर्धा तास पिशवीतच राहू द्या. पिशवीतून मोजल्याने गॅमा किरणांना काही फरक पडत नाही.

मोबाइल, इन्व्हर्टर, पंपाची मोटर मीटरपासून एक-दोन मीटर दूर. उतरलेल्या बॅटरीवर मोजू नका. आणि भर उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर मीटर सोडू नका. पुढे आकडे का सरकले हे कळत नाही.

ठोक्यांपासून वर्षाच्या मात्रेपर्यंत

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त पद्धत समजण्यासाठी आहेत. एसबीएम-२० नळी, प्रत्येक ठिकाणी एक तास. होडीत ७२० ठोके, म्हणजे मिनिटाला १२. अंगणात १०२०, म्हणजे १७. खोलीत ११४०, म्हणजे १९.

अंगणातल्या जमिनीचा वाटा १७ वजा १२, म्हणजे ५. अनिश्चितता १७४० च्या वर्गमुळाइतकी, सुमारे ४२ ठोके तासाला, म्हणजे मिनिटाला ०.७. पाचला ०.००५७ ने गुणलं की ताशी ०.०२९ मायक्रोसिव्हर्ट. खोलीत ७ ठोके, म्हणजे ताशी ०.०४०. वर्षाचे तास ८७६०, आणि माणूस ८० टक्के वेळ छपराखाली व २० टक्के बाहेर असतो, असं धरायची जागतिक पद्धत आहे. शेतात किंवा होडीवर राबणाऱ्याने आपला वेळ स्वतः मोजून घालावा. बाहेरचे ०.०५ आणि आतले ०.२८ मिळून ०.३३ मिलीसिव्हर्ट. त्यात समुद्रसपाटीच्या वैश्विक किरणांचे, ताशी सुमारे ०.०३ मायक्रोसिव्हर्ट या हिशेबाने, वर्षाला पाव मिलीसिव्हर्टहून थोडे जास्त. एकूण ०.६ च्या आसपास.

खोलीतल्या पडद्यावरचा आकडा सरळ वर्षाने गुणला असता तर ०.९५ आलं असतं. दीडपटीहून जास्त, आणि ही वाढ मुख्यतः नळीच्या स्वतःच्या ठोक्यांमुळे. शिवाय गुणक सीझियमसारख्या एकाच द्रव्यावरून ठरवलेला असतो, त्यामुळे नैसर्गिक मिश्रणात २०-३० टक्के इकडे-तिकडे धरूनच चाला. म्हणून आपल्या गावाचा आकडा दुसऱ्याच्या मीटरवरच्या आकड्याशी थेट ताडू नका. दोन्ही मीटर एका जागी शेजारी ठेवून तास-दोन तास मोजा, मग बोला.

आरोग्याचा धोका: किती आणि कशाचा

किरणोत्सर्गापासून बचावाचे नियम आखताना असं धरतात की मात्रा जितकी वाढेल तितका कर्करोगाचा धोका त्याच प्रमाणात वाढतो, आणि १ सिव्हर्टमागे प्राणघातक कर्करोगाची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी वाढते. म्हणजे १ मिलीसिव्हर्टला लाखात ५. भारतात आयुष्यात कधीतरी कर्करोग होण्याची शक्यता साधारण नऊ-दहा जणांत एकाला असते. या दोन आकड्यांकडे एकत्र बघितलं की प्रमाण ध्यानात येतं. पोटाच्या एका सीटी स्कॅनची मात्रा ७ ते १० मिलीसिव्हर्ट, छातीच्या साध्या एक्स-रेची ०.१ किंवा त्याहून कमी. अणुऊर्जा नियामक परिषदेने प्रकल्पांमुळे जनतेला होणाऱ्या मात्रेवर घातलेली मर्यादा वर्षाला १ मिलीसिव्हर्ट आहे. निसर्गाची आणि वैद्यकीय तपासण्यांची मात्रा त्यात धरत नाहीत.

कमी मात्रेवर हा सरळ नियम किती लागू पडतो हे तपासणारा मोठा अभ्यास आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर झाला. करुनागप्पळ्ळीच्या सुमारे ७० हजार रहिवाशांची सरासरी दहा वर्षांहून अधिक नोंद ठेवली गेली. काही घरांभोवती मात्रा वर्षाला ७० मिलीग्रेपर्यंत होती (गॅमा किरणांसाठी १ मिलीग्रे म्हणजे साधारण १ मिलीसिव्हर्ट). २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत जमिनीच्या गॅमा किरणांमुळे कर्करोग वाढल्याचं आढळलं नाही. याचा अर्थ धोका शून्य असा कुणी घेऊ नये. इतक्या माणसांत, इतक्या काळात दिसून येईल इतका तो मोठा नाही, एवढाच अर्थ घ्यावा.

"आमच्या वाडीत यंदा सहा जणांना कॅन्सर निघाला" हे वाक्य ऐकलं की थांबून हिशेब करा. देशात लाखामागे दरवर्षी सुमारे १०० नवे रुग्ण सापडतात. ३००० वस्तीच्या गावात म्हणजे सरासरी ३. पण नुसत्या योगायोगानेही दर बारा वर्षांत एखादं वर्ष असं येतं की सहा किंवा अधिक निघतात. याने त्या घरांचं दुःख कमी होत नाही, आणि चौकशी करूच नये असंही नाही. चौकशी करायचीच असेल तर वय, कर्करोगाचा प्रकार, तंबाखू-मशेरीची सवय आणि गावात किती वर्षं राहणं आहे, हे प्रत्येकाचं लिहून घ्या, निदान दहा वर्षांचं. सहा जणांना सहा वेगळ्या जागचे कर्करोग असतील तर एकच कारण असणं अवघड. तोंडाचेच निघाले तर मीटरआधी मशेरीच्या डबीकडे बघा.

रेडॉनचा धोका मात्र पक्का सिद्ध झालेला आहे. धूम्रपानाखालोखाल फुफ्फुसाच्या कर्करोगाचं ते मोठं कारण आहे. घरातल्या हवेत दर घनमीटरला १०० बेकरेल वाढले की हा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. १६ टक्के कशाचे, हे महत्त्वाचं. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा मूळ धोका न ओढणाऱ्याच्या कित्येक पट असतो, त्यामुळे तेच १६ टक्के त्याला फार महाग पडतात. घरात रेडॉन असो-नसो, विडी सुटली तर फायदा सर्वांत मोठा.

रेडॉन मोजायचा तर

कौलारू घर, वाशांमधल्या फटी, उघडी पडवी: अशा घरात रेडॉन साठायला वावच नसतो. काळजी नव्या बांधकामांची. सरकत्या काचा, एसी, दिवसभर बंद तळमजला आणि खाली सच्छिद्र जांभा, ज्यातून जमिनीतला वायू सहज वर येतो.

खात्रीची पद्धत म्हणजे सीआर-३९ प्लास्टिक किंवा एलआर-११५ ही लाल फिल्म. अल्फा कणांचे ओरखडे तिच्यावर उमटतात. मग प्रयोगशाळेत कॉस्टिक सोड्यात धुऊन ते मोजतात. तळमजल्यावरच्या झोपायच्या खोलीत, दीड मीटर उंचीवर, भिंतीपासून वीतभर लांब, खिडकी आणि पंख्याच्या झोतापासून दूर, तीन महिने टांगून ठेवायची. एक पाळी पावसाळ्यात, दारं बंद असतात तेव्हा, आणि एक थंडीत. घरी ठेवायचे इलेक्ट्रॉनिक मीटरही मिळतात. त्यांचा पहिल्या दिवसाचा आकडा सोडून द्या, महिन्याची सरासरी बघा. दर घनमीटरला १०० बेकरेलच्या खाली असेल तर काही करू नका. १०० ते ३०० मध्ये असेल तर जमिनीच्या भेगा आणि नळांभोवतीच्या फटी सिमेंटने बुजवा, रोज दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडा आणि पुन्हा मोजा. ३०० च्या वर गेलं तर लादीखालून हवा बाहेर खेचणारा पाइप आणि पंखा बसवावा लागतो.

आकडा अचानक चढला तर

मीटर घेऊन दहा-वीस मीटर बाजूला व्हा आणि आकडा उतरतो का बघा. उतरला नाही तर पोटॅशची पुडी, बॅटरी, ओलावा, पाऊस, या क्रमाने तपासा. उतरला तर जवळ काय आहे ते शोधा. खताचं गोदाम असेल. नुकतीच थायरॉइडची आयोडीन-१३१ ची मात्रा किंवा हृदयाचा, हाडांचा स्कॅन करून आलेला माणूस शेजारी उभा असेल. त्याच्या अंगातून काही तास ते काही दिवस किरण येत राहतात, आणि तो मीटरला लांबून कळतो. हे त्याला चारचौघांत विचारू नका.

दहा मिनिटांची मोजणी नेहमीच्या तिपटीवर गेली, दुसऱ्या मीटरनेही तेच सांगितलं आणि रोख एखाद्या धातूच्या वस्तूकडे, भंगाराच्या ढिगाकडे किंवा शिशाच्या जड डब्याकडे असला, तर पुढे जाऊ नका. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० चं जुनं उपकरण तोडलं गेलं आणि त्यात एकाचा जीव गेला. वस्तू उचलू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका. अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथाई होते, म्हणून सगळ्यांना निदान पन्नास मीटर मागे घ्या आणि ११२ किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ लावा. जागा, वेळ, ठोके आणि मिनिटं सांगा. मीटर आधी कडकडत होता आणि जवळ जाताच एकदम गप्प झाला, तर ते सर्वांत वाईट लक्षण समजा: फार तीव्र किरणोत्सर्गात साध्या गायगर नळीला ठोके सुटे मोजता येत नाहीत आणि ती शून्य दाखवू शकते. तशीच मागे फिरा.